शीतयंत्राचे पाणी

वातानुकूलन म्हणजे तापलेली हवा गार करण्याची सोय, अशी आपली सर्वसाधारण समजूत असली, तरी या यंत्राची मूळ योजना झाली ती हवेतील ओलावा काढून घेण्यासाठी. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि पुन्हा आकसे, त्यामुळे एकावर एक छापावयाचे रंग जागच्या जागी बसत नसत. आणि ही अडचण दूर करण्यासाठी विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने 1902 साली जी रचना आखली, तीच पुढे कचेऱ्यांतून, चित्रपटगृहांतून आणि हॉटेलांच्या खोल्यांतून थंडाव्याचे साधन म्हणून स्थिरावली. हवेतून पाणी वेगळे करणे आणि ते इमारतीबाहेर घालवणे हे या यंत्राचे निम्मे काम आहे. हॉटेलांतून चौकशी होते ती मात्र उरलेल्या निम्म्याची. खोली गार होते की नाही हे सगळे पाहतात. निघालेले पाणी कोठे गेले हे कोणी विचारीत नाही. दम्याचे माणूस बरोबर घेऊन पावसाळ्यात कोकणात उतरणाऱ्याला हा प्रश्न विचारल्यावाचून गत्यंतर नसते.

माझ्या पत्नीचा दमा जुना आहे. गावचे घर आता बंद असल्यामुळे गणपतीच्या दिवसांत आम्ही रत्नागिरीस एखाद्या हॉटेलात मुक्काम करतो, आणि देवदर्शनाची व नातलगांच्या भेटीची तजवीज तेथूनच करतो. त्या वर्षी मिळालेली खोली तळमजल्यावरची, दर्शनी भागात नीटनेटकी, चादरी स्वच्छ आणि फरशी लख्ख पुसलेली अशी होती. परंतु दार उघडताच जो कुबट वास आला, तो बंद ट्रंकेतल्या जुन्या कापडांचा असावा तसा होता. असा वास पहिल्या चार श्वासांतच ओळखावा लागतो, कारण थोड्या वेळाने नाक त्याला सरावते आणि मग तो नाहीसाच झाला असे वाटू लागते. नाक सरावले तरी श्वासनलिका सरावत नाहीत. शीतयंत्र सुरू होऊन तास लोटतो न लोटतो तोच तिला कोरडा खोकला सुरू झाला, छातीत शीळ वाजू लागली, आणि पर्समधला पंप काढावा लागला.

तक्रार करताच एक मुलगा सुगंधी फवाऱ्याची बाटली घेऊन आला. त्याला मी दारातच थांबवले. दम्याच्या रोग्याला असले सुगंधी रसायन बुरशीइतकेच जाचक ठरू शकते, आणि वासावर वास चढवल्याने वासाचे कारण दूर होत नाही, उलट ते झाकले जाते. व्यवस्थापक भले गृहस्थ होते. "काका, खोली सकाळीच साफ करून घेतलीय," असे ते म्हणाले, आणि ते खरेही होते; फक्त ती साफसफाई मनुष्याच्या खांद्याच्या उंचीपर्यंतच पोहोचली होती. भिंतीवर उंच बसवलेले यंत्र शेवटचे कधी धुतले, या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. नोंदवहीत तक्रारी लिहिलेल्या होत्या, "गॅस भरला", "रिमोट बदलला" असे शेरेही होते. धुण्याची तारीख कोठेच नव्हती. त्यांनी ताबडतोब मेकॅनिकला बोलावणे पाठवले, पत्नीला वरच्या मजल्यावरील उघड्या व्हरांड्यात खुर्ची दिली, आणि मला खोलीत उभे राहून काम पाहण्याची मुभा दिली.

आलेला मेकॅनिक तिशीच्या आतबाहेरचा, मितभाषी, आणि आपल्या कामाविषयी आस्था असलेला होता. प्रथम त्याने भिंतीवरचा मुख्य खटका पाडला. मग यंत्राचे पुढचे झाकण वर उचलून दोन्ही जाळ्या सरकवून बाहेर काढल्या. जाळ्या बऱ्यापैकी स्वच्छ होत्या. "ह्या सगळेच धुतात," तो म्हणाला, "हाताला येतात ना." या जाळीत केस, तंतू आणि जाडी धूळ अडकते, दोन-तीन मायक्रॉन व्यासाचे बुरशीचे बीजाणू तिच्यातून बिनदिक्कत पार होतात. जाळीमागे तांब्याच्या नळ्यांवर ओवलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची कॉइल असते. खोलीतील हवा तिच्या थंड अंगावरून वाहताना बाष्पाचे दवबिंदू होतात, ते पात्यांवरून ओघळून खालच्या पन्हळीत जमतात, आणि पन्हळीतून ड्रेन पाइपाने बाहेर जातात. कोकणातल्या भाद्रपदी हवेत दीड टनाचे यंत्र तासाला लिटरभर पाणी सहज ओढते. अंधार, ओल आणि धुळीतले सेंद्रिय कण, बुरशीला लागणारे सगळेच येथे आयते मिळते.

त्याने विजेच्या कार्डावर प्लॅस्टिक गुंडाळले, यंत्राखाली मोठी प्लॅस्टिकची झोळी बांधली, आणि तिचे निमुळते टोक बादलीत सोडले. जेट पंपाचा झोत त्याने पात्यांच्या रेषेतच, वरून खाली, सावकाश फिरवला, कारण आडवा झोत बसला तर पाती वाकतात आणि हवेची वाट बंद होते. झोळीतून उतरणारे पाणी प्रथम करडे होते. पुढे त्याने विजेरी माझ्या हाती देऊन हवा बाहेर पडते त्या फटीतून आत पाहावयास सांगितले. आत लांबट नळकांड्यासारखा ब्लोअर होता, आणि त्याच्या प्रत्येक वाकड्या पातीच्या कडेला काळी, किंचित बुळबुळीत, काजळीसारखी साय धरलेली होती. खोलीत येणारा प्रत्येक झुळकारा या सायीला घासून बाहेर पडत होता. "ब्लोअर काढल्याशिवाय मागची घाण जात नाही, आणि तो काढायला तास जातो, म्हणून कोणी काढत नाही," असे म्हणत त्याने स्क्रू सोडवून तो बाजूला घेतला, बाहेर अंगणात नेला, आणि ब्रशाने पाती-पाती घासली. ते पाणी काळेकुट्ट निघाले. ज्याला सर्व्हिसिंग म्हणतात ते काम दहा मिनिटांत उरकता येते आणि दोन तासही चालू शकते. बिलावर दोहोंचा मजकूर एकच असतो. हा भेद गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही, आणि हॉटेलच्या मालकालाही तो दिसावा अशी व्यवस्था क्वचितच आढळते.

पन्हळीच्या तोंडाशी शेवाळाचा चिकट गोळा अडकला होता. तो काढल्यावर त्याने मगभर पाणी पन्हळीत ओतले आणि मला खिडकीबाहेर पाइपाच्या टोकाकडे पाहण्यास सांगितले. धार फारच बारीक पडत होती. पाइपाला बाहेरच्या भिंतीवर पुरेसा ढाळ नव्हता, मध्ये तो पोटाशी लोंबत होता, आणि त्या बाकात पाणी सदैव साचून राहत होते. दोन नव्या क्लिपा ठोकून त्याने ढाळ सरळ केला, तेव्हा कोठे पुढच्या मगाचे पाणी भडभडून बाहेर आले. मला वाटते, ओलीची बहुतेक दुखणी अशाच एखाद्या अल्पशा वाकणात दडलेली असतात, आणि ती पाहण्यासाठी कोणाला तरी आतून पाणी ओतावे लागते.

काम चालू असताना त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटली. हॉटेलांत दाराशी कार्ड काढले की खोलीची वीज जाते. विजेच्या बचतीच्या दृष्टीने ही पद्धत योग्यच आहे. परंतु पाहुणा समुद्रावर गेला म्हणजे यंत्र ओल्या अंगानेच बंद पडते, खोली मिटलेली राहते, आणि हळूहळू तापत जाणाऱ्या त्या अंधारात ओली कॉइल तासन्‌तास तशीच असते. "खोली रिकामी झाली की कपडे-चादरी बदलताना अर्धा तास नुसता पंखा चालवा, सांगून सांगून थकलो," तो म्हणाला. लहान खोलीला मोठे यंत्र बसवण्याचा सोसही असाच नडतो. ते काही मिनिटांत ठरलेले तापमान गाठते, कॉम्प्रेसर थांबतो, आणि पंखा मात्र फिरत राहून कॉइलवरचे पाणी पुन्हा खोलीतच उडवतो. अशा खोलीत अंगाला थंडी वाजते आणि चादर दमट लागते. त्यातच गॅलरीचे दार उघडे राहिले तर पाहावयास नकोच. बाहेर 30 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असेल, तर साधारण 27 अंशांखालील प्रत्येक पृष्ठभागावर दव धरते. 18 अंशांवर गार केलेल्या खोलीतला आरसा, भिंत, कपाटाची पाठ, सारे काही मग कॉइलचेच काम करू लागते.

यंत्र पुन्हा जोडले गेल्यावरही वासाचा एक धागा शिल्लक होता. पलंगाच्या उशाकडील फळी आम्ही दोघांनी मिळून पुढे ओढली. मागे शोभेचा व्हिनाइलचा कागद लावलेला होता आणि त्याच्या जोडावर काळ्या ठिपक्यांची रांग उमटली होती. भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची. पावसाचे पाणी शोषून घेणारी. बाहेरून आत येणारी ओल या अभेद्य कागदापाशी अडते, आणि कागद खोलीच्या थंडाव्याने गार असल्यामुळे तेथेच पाणी होऊन बसते. अमेरिकेच्या दमट दक्षिण भागातील हॉटेलांनी याच कागदापायी मोठी हानी सोसलेली आहे. याला मेकॅनिकचा इलाज चालत नाही. कागद काढून भिंतीला श्वास घेऊ देणे आणि बाहेरचा गिलावा दुरुस्त करणे हाच उपाय. आम्ही त्या खोलीत परतलो नाही. वरच्या मजल्यावरची खोली घेतली.

या साऱ्याचे भय अवास्तव वाढवू नये. निरोगी मनुष्य अशा खोलीत दोन रात्री काढून नुसता शिंकून सुटेल. पण दमेकऱ्याची गोष्ट निराळी. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली घरांतील ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली, तीत दम्याचा जोर वाढण्याशी ओलीचा संबंध स्पष्ट नोंदवलेला आहे. ॲस्परजिलस या सर्वत्र आढळणाऱ्या बुरशीची ॲलर्जी होऊन श्वासनलिकांना कायमची इजा करणारा विकार 1952 मध्ये इंग्लंडात प्रथम वर्णिला गेला, आणि आपल्याकडील छातीच्या डॉक्टरांना तो चांगला परिचित आहे. 1976 च्या जुलैत फिलाडेल्फियातील बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्यावेळी उद्भवलेल्या न्यूमोनियाने 34 माणसे दगावली, त्याचे उदाहरण येथे नेहमी दिले जाते. मात्र तो रोग बुरशीचा नव्हता. तो जिवाणूचा होता, पुढच्या वर्षारंभी तो ओळखला गेला, आणि मोठ्या इमारतींच्या पाण्यावर चालणाऱ्या शीतमनोऱ्यांकडे त्याचा संशय वळला. खोलीतल्या लहान यंत्राला तो दोष लावणे अन्यायाचे होईल. आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी: मेलेली बुरशीही ॲलर्जी देते, म्हणून औषध फवारून ती मारणे पुरत नाही, ती धुऊन काढावीच लागते, आणि धुताना रोग्याने खोलीत असता कामा नये.

आता खोली ठरवताना मी फोनवरच दमा असल्याचे सांगतो आणि यंत्र कधी धुतले, खिडकी उघडते का, खोली कितव्या मजल्यावर, एवढे विचारतो. उतरल्यावर सामान दाराशीच ठेवून विजेरीने फटीतून ब्लोअर पाहतो, खिडकी उघडी ठेवून काही वेळ नुसता पंखा चालवतो, आणि पत्नी तोवर बाहेर बसते. मग खिडकी बंद करून तापमान 24 ते 26 अंशांच्या दरम्यान ठेवतो. सोबत आर्द्रता दाखवणारे एक लहान घड्याळ असते. तासाभरात ते 60 टक्क्यांच्या खाली उतरले नाही, तर खोली बदलून मागतो. बहुतेक ठिकाणी विनातक्रार ती मिळते.

रत्नागिरीच्या त्या व्यवस्थापकांना मी निघताना एक कोरा तक्ता आखून दिला. खोलीचा क्रमांक, धुण्याची तारीख, ब्लोअर काढला की नाही, पन्हळीत पाणी ओतून पाइप तपासला की नाही, आणि खाली मेकॅनिकची सही, असे त्याचे रकाने होते. पुढच्या भाद्रपदात गेलो तेव्हा तो तक्ता प्रत्येक खोलीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. आमच्या खोलीतील शेवटची तारीख श्रावणातली होती, आणि ब्लोअरच्या रकान्यात "होय" असे लिहिलेले होते.