वेअरवुल्फमधला ‘वीर’

पौर्णिमेच्या रात्री माणसाचा लांडगा होतो, ही कल्पना सिनेमांनी जगभर पोचवली. पण ‘वेअरवुल्फ’ हा शब्द इंग्रजीत पहिल्यांदा लिहिलेला सापडतो तो अकराव्या शतकातल्या राजा कनूटच्या कायद्यांत. ते लिहिले यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन याने. भाविकांच्या कळपावर झडप घालणाऱ्या सैतानाला त्याने हे नाव दिले. गंमत अशी, की वुल्फस्टन स्वतः ‘लुपस’, म्हणजे लॅटिन लांडगा, या टोपणनावाने लिहीत असे.

बहुतेक अभ्यासकांच्या मते यातला ‘वेअर’ म्हणजे पुरुष. खून झालेल्याच्या नातलगांना द्यायच्या भरपाईला जुन्या इंग्रजीत ‘वेअरगिल्ड’ म्हणत. लॅटिन ‘विर’ आणि संस्कृत ‘वीर’ हे याच कुळातले. ‘वुल्फ’चा संस्कृत भाऊबंद ‘वृक’. भीमाच्या ‘वृकोदर’ या नावात तो आहे.

‘वुल्फ’ आणि ‘वृक’ कानाला फारसे सारखे वाटत नाहीत. पण भाषाशास्त्र कानावर विसंबत नाही, ध्वनिबदलांचे नियम तपासते. या भाषांच्या सामाईक पूर्वज भाषेतल्या, म्हणजे मूळ भारोपीय, ‘ल’चा संस्कृतात अनेकदा ‘र’ होतो. इंग्रजी ‘फुल’ आणि संस्कृत ‘पूर्ण’ ही तशीच जोडी. लिथुआनियन ‘विल्कस’मध्ये ‘ल’ही टिकला आणि ‘क’ही. अडचण येते ती शेवटच्या ‘फ’ची. याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडलेल्या नियमानुसार इंग्रजीसारख्या जर्मानिक भाषांत ‘क’च्या जागी ‘ह’ यायला हवा. मात्र इथला मूळ ध्वनी ओठ गोल करून उच्चारलेला ‘क्व’ होता. शब्दात आधीच ओष्ठ्य ध्वनी असला, की अशा ‘क्व’चा कधी कधी ‘फ’ झालेला दिसतो. ‘पाच’च्या मूळ रूपातही हाच ‘क्व’ होता. संस्कृत ‘पञ्च’मध्ये त्याचा ‘च’ झाला, तर इंग्रजी ‘फाइव्ह’मध्ये आधी ‘फ’ आणि मग ‘व्ह’.

फ्रेंचांकडे हाच जर्मानिक शब्द झिजून ‘गारू’ झाला. त्यात लांडगा दडलाय हे लोक विसरले आणि त्याच्यापुढे लांडगावाचक ‘लू’ जोडून ‘लू-गारू’ म्हणू लागले. एका शब्दात दोन लांडगे!

इंग्रजीत पुढे ‘मॅन’ने ‘वेअर’ची जागा घेतली. तरी ‘वर्ल्ड’मध्ये तो शिल्लक आहे. त्या शब्दाची मूळ फोड ‘माणसाचे युग’ अशी. काळाचे हे नाव नंतर जगाला लागले.