पावसात उभा राहिलेला विजेता

विटीदांडूत जशी गल असते, तसा गोल्फच्या खेळात एक खळगा असतो. तो फक्त सव्वाचार इंच रुंद. मोठ्या हिरव्या मैदानावर असे 18 खळगे दूरदूर असतात. खेळाडू लांब काठीने लहानसा कठीण चेंडू टोलवीत नेतो आणि एकेका खळग्यात घालतो. सगळ्यात कमी टोले ज्याला लागतील, तो जिंकला. खेळ साधा, पण खर्चाचा. म्हणून तो बहुतकरून श्रीमंतांकडेच राहिला.

पण एका गरिबाने त्यात नाव काढले. त्याची ही हकिगत.

दक्षिण आफ्रिकेत डर्बन नावाचे शहर आहे. 1860 पासून हिंदुस्थानातले हजारो मजूर करारावर त्या भागात नेले. उसाच्या मळ्यांत ते राबले. तिथल्या अशाच हिंदी समाजात सेवसुंकर सेवगोलम जन्मला. लोक त्याला पापवा म्हणत. घरी गरिबी. शाळा घडली नाही. मोठेपणीही त्याला लिहिता-वाचता येत नव्हते.

पोटासाठी तो खेळणाऱ्यांच्या काठ्या वाहू लागला. अशा पोराला कॅडी म्हणतात. बघून बघून तो खेळ शिकला. उजवे खेळाडू काठी धरताना डावा हात वर नि उजवा खाली ठेवतात. पापवाचे उलटे. उजवा वर, डावा खाली. पण चेंडू बरोबर जाई!

1959 साली तो युरोपात गेला. हॉलंड देशाची मोठी स्पर्धा त्याने जिंकली. 1960 आणि 1964 साली पुन्हा जिंकली.

घरी मात्र वर्णभेदाचा कायदा होता. गोऱ्यांच्या जागी इतरांना मज्जाव. 1963 साली डर्बनला नाताळ प्रांताची स्पर्धा झाली. गोऱ्या खेळाडूंना हरवून पापवा पहिला आला. बक्षीस देतेवेळी पाऊस लागला. गोरी मंडळी क्लबाच्या इमारतीत. विजेत्याला आत जायची बंदी! त्याने बाहेर पावसात उभे राहून बक्षीस घेतले. देवळाच्या पायरीबाहेर ज्यांना उभे राहावे लागले, त्यांना हे दुःख समजावून सांगायला नको.

त्या प्रसंगाचे छायाचित्र देशोदेशी छापले गेले. लोकांना चीड आली.

1965 साली पापवाने तीच स्पर्धा परत जिंकली. त्या वेळी त्याने गॅरी प्लेअर या जगप्रसिद्ध खेळाडूला मागे टाकले. मग सरकारने अशा स्पर्धांत खेळायची परवानगीच नाकारली. हात शाबूत, कसब शाबूत. पण मैदान बंद. 1978 साली तो गरिबीतच वारला.

1994 साली तिथे सगळ्यांना मताचा हक्क मिळाला आणि गोऱ्यांचे राज्य संपले. डर्बनच्या एका गोल्फ मैदानाला पापवाचे नाव दिलेले आहे. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते, त्याचे नाव आज तिथे पाटीवर आहे. आणि मंडळी, ते नाव तुम्ही आत्ताच स्वतः वाचलेत.