ड्रेन प्लगवरचा चुंबक काय पकडतो?

ड्रेन प्लगला (ऑइल चेंबरच्या तळाचा, जुने ऑइल काढण्याचा बोल्ट) चुंबक असला की इंजिन ऑइल उशिरा बदलले तरी चालते, असे अनेकजण मानतात. तसे नाही. चुंबक फक्त लोखंड-पोलादाचा कीस धरतो. फिल्टरमधून निसटणारे बारीक कणही त्याला चिकटतात, हा त्याचा खरा फायदा. पिठाच्या गिरणीतल्या चुंबकाला खिळा चिकटतो, खडा नाही; तसेच पिस्टनचे ॲल्युमिनियम, बेअरिंगमधले तांबे किंवा धूळ त्याला सापडत नाही. शिवाय ऑइल खराब होते ते उष्णतेने, काजळीने आणि त्यातली संरक्षक रसायने संपल्याने. तिथे चुंबकाचा इलाज चालत नाही. प्लगवर करडा, मऊ लेप दिसला तर घाबरू नये, ती नेहमीची झीज. टोचणारे तुकडे निघाले तर मात्र गाडी लगेच मेकॅनिकला दाखवावी.