निवासी ट्रेलर

निवासी ट्रेलर म्हणजे मोटारगाडीच्या मागे जोडून ओढून नेता येणारे, झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेले चाकांवरील घर होय. त्याला स्वतःचे इंजिन नसते. इंजिनासह एकाच सांगाड्यावर बांधलेल्या फिरत्या घराला मोटार कॅरव्हॅन म्हणतात. भारतात ‘कॅरव्हॅन’ हा शब्द दोन्हींसाठी वापरला जात असल्याने बऱ्याचदा गोंधळ होतो. मुक्कामी पोहोचल्यावर ट्रेलर सोडून ठेवता येतो आणि मोटार फिरण्यासाठी मोकळी होते, हा त्याचा मुख्य लाभ. त्याच्या मर्यादा मात्र वाटेत, विशेषतः उतारावर, जाणवतात. दख्खनच्या पठारावरून कोकण किनाऱ्याकडे जाणाऱ्या प्रवाशाला त्या नीट समजून घ्याव्या लागतात.

इतिहास

हौसेखातर फिरण्यासाठी बांधलेले आरंभीचे प्रसिद्ध फिरते घर घोड्यांनी ओढले जात असे. स्कॉटिश लेखक व नौदलातील निवृत्त डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी ब्रिस्टल येथे ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधून घेतली व १८८५ मध्ये तिच्यातून इंग्लंड ते स्कॉटलंड असा प्रवास केला. ब्रिटनमधील कॅरव्हॅन क्लब १९०७ मध्ये स्थापन झाला. पहिल्या महायुद्धानंतर मोटारीने ओढायचे ट्रेलर कारखान्यात तयार होऊ लागले, तर अमेरिकेत १९३० च्या दशकात वॉली बायम यांच्या ‘एअरस्ट्रीम’ या ॲल्युमिनियमच्या ट्रेलरने या प्रवासाला लोकप्रियता मिळवून दिली.

सोलापूरच्या परिसराला ओढगाड्यांचा किनाऱ्याकडील प्रवास नवा नाही. सोलापूरच्या उत्तरेस, धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगर व पैठण येथील माल गाड्यांमधून, धड रस्ते नसलेल्या प्रदेशातून भडोच बंदराकडे जात असल्याचा उल्लेख आहे. त्या तुलनेत कोकणचा किनारा जवळ. पण मध्ये सह्याद्रीची भिंत होती. तिच्या अवघड वाटांवरून माल मुख्यतः बैलांच्या पाठीवर लादून उतरवावा लागे. पुणे-मुंबई वाटेवरील बोरघाटात चाकाच्या गाड्यांना योग्य असा रस्ता १८३० मध्ये खुला झाला. अंतर कमी असूनही चाकाला ही वाट इतकी उशिरा मिळाली, यातच घाटाचा स्वभाव दिसतो.

जोडणी आणि वजन

मोटारीच्या मागील गोल मुठीवर ट्रेलरच्या पुढच्या दांड्याची वाटी बसवली जाते. ही मूठ युरोपीय पद्धतीत ५० मिलिमीटर व्यासाची असते. सोबत सुरक्षेची साखळी किंवा तार आणि दिव्यांची वीजजोडणी असते. ट्रेलरमधील सामानाची मांडणी ही घरगुती बाब वाटली, तरी गाडीचे स्थैर्य तिच्यावरच अवलंबून असते. जड सामान आसाच्या जवळ, किंचित पुढे आणि जमिनीलगत ठेवावे लागते. अमेरिकी प्रघातानुसार ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडणीवर असावा. युरोपात हे प्रमाण कमी धरतात. मागचा भाग जड झाला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो व मोटारीलाही ओढतो. अशा वेळी वेग वाढवणे किंवा स्टिअरिंगला झटके देणे घातक ठरते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढून स्टिअरिंग सरळ धरावे लागते.

ऊसगाडी आणि निवासी ट्रेलर

सोलापूर जिल्ह्यात ट्रेलर हे नवलाचे वाहन नाही. गाळप हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्याकडे जाताना रोज दिसतो. वळणावर मागची चाके आतल्या बाजूने जातात, मागे घेताना ट्रॉली स्टिअरिंगच्या उलट दिशेला वळते, या गोष्टी येथील ट्रॅक्टरचालकाला शिकवाव्या लागत नाहीत. हे कौशल्य खरे असले, तरी ते बहुतांशी सपाट जमिनीवरचे व कमी वेगाचे आहे. उसाच्या ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. सपाटीवर ते निभावते. घाट उतरताना तीच सवय जिवावर बेतू शकते.

सोलापूर ते रत्नागिरी

राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६६ हा सोलापूरहून मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मलकापूर या मार्गाने आंबा घाटात येतो व साखरपा, पाली, हातखंबामार्गे रत्नागिरीस पोहोचतो. अंतर सुमारे ३५० किलोमीटर आहे. समुद्राकडे जाताना रस्ता उतरत जाईल ही अपेक्षा येथे फोल ठरते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांच्या आसपास, तर कोल्हापूर त्याहून उंच आहे. सह्याद्रीचा उतार पूर्वेला मंद व पश्चिमेला एकदम तुटलेला असल्यामुळे कमावलेली सगळी उंची शेवटच्या टप्प्यात, वळणावळणांच्या थोड्या अंतरात सोडावी लागते.

१,००० किलो वजनाचा ट्रेलर ५०० मीटर खाली उतरतो तेव्हा सुमारे ४९ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. एवढ्या उष्णतेत १५ लिटर पाणी सहज उकळीला येईल. त्यातील काही भाग हवेच्या रोधात व इंजिनात जातो, उरलेला ब्रेकमध्ये. ब्रेक फार तापले की त्यांची पकड सुटते. म्हणून चढताना ज्या खालच्या गिअरमध्ये गाडी चढेल, त्याच गिअरमध्ये ती उतरवावी, हा घाटातील चालकांचा जुना नियम येथे दुप्पट महत्त्वाचा ठरतो. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून इंधन वाचवण्याची खोड तर सर्वथा त्याज्य. काही ट्रेलरांचे ब्रेक मागून येणाऱ्या रेट्यानेच आपोआप दाबले जातात. लांब उतारावर ते जवळजवळ सतत लागलेले राहतात, त्यामुळे मोटारीचा गिअर योग्य असला तरी मध्ये थांबून ट्रेलरची चाके निवू देणे आवश्यक असते.

पावसाळ्यात दरडींचा धोका वेगळा. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबा घाटाच्या रस्त्याची मोठी हानी झाली होती. घाटाखाली, किनाऱ्यालगतच्या गावांत चिऱ्यांच्या गडग्यांमधून जाणारे अरुंद रस्ते ही पुढची अडचण. समोरून एसटी आली तर ट्रेलर मागे घेण्यास जागा नसते. तळाची जागा आधी पाहून ठेवणे म्हणूनच श्रेयस्कर. पुळणीवर ट्रेलर नेल्यास चाके रुततात.

कायदा आणि धोरण

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार ट्रेलर हे स्वतंत्र वाहन असून त्याची वेगळी नोंदणी करावी लागते. ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांकही ट्रेलरवर दाखवणे बंधनकारक आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २००९ मध्ये कॅरव्हॅन व कॅरव्हॅन तळांविषयी धोरण आखले. त्यात एक व दोन आसांचे ट्रेलर तसेच तंबू-ट्रेलर हे प्रकारही धरले आहेत. महाराष्ट्राचे कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले. व्यवहारात मात्र भाड्याने मिळणारी वाहने बहुतेक एकसंध मोटार कॅरव्हॅनच असतात. चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसू नये. आतील माणसाचा चालकाशी संपर्क राहत नाही, आणि जोडणी तुटल्यास ब्रेक लावणारे तेथे कोणी नसते.