दंडविधीची इंग्रजी परिभाषा, मराठीतील

गुन्हे, पोलीस तपास व न्यायनिवाडा यांविषयीच्या इंग्रजी संज्ञा आणि मराठीत रूढ झालेले त्यांचे पर्याय, असे या परिभाषेचे स्थूल स्वरूप आहे. ब्रिटिश अमलापूर्वी महाराष्ट्राच्या न्यायव्यवहारात फार्सी-अरबी शब्दांचे प्राबल्य होते. फिर्याद, वकील, जामीन, कैद हे शब्द त्या काळातील होत. मुंबई इलाख्यात १८२७ मध्ये एल्फिन्स्टनच्या नावाने ओळखली जाणारी विनियमसंहिता आली व १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंड संहिता (१८६०) अंमलात आली. त्यांबरोबर पोलीस, कोर्ट, वॉरंट, समन्स, अपील हे इंग्रजी शब्द सर्वतोमुखी झाले. उलटपक्षी ‘डकैती’ या भारतीय शब्दाने ‘डेकॉइटी’ या रूपाने इंग्रजी कायद्यात प्रवेश केला.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर मराठी पर्यायांच्या निर्मितीस गती मिळाली. भाषा संचालनालयाने त्यासाठी परिभाषा कोश सिद्ध केले. रूढ झालेले काही पर्याय मिश्र घडणीचे आहेत. पोलिसांना वॉरंटाविना अटक करता येते असा ‘कॉग्निझेबल’ गुन्हा तो दखलपात्र. ‘बेलेबल’ तो जामीनपात्र. या दोन्ही शब्दांत अरबी पूर्वपद व संस्कृत उत्तरपद आहे. ‘पंचनामा’ या शब्दातही भारतीय ‘पंच’ व फार्सी ‘नामा’ एकत्र आले आहेत.

नित्याच्या बोलण्यात समानार्थी वाटणारे शब्द कायद्यात भिन्न असतात. चोरी, जबरी चोरी व दरोडा हे तीन वेगळे गुन्हे असून दरोड्यास किमान पाच व्यक्तींचा सहभाग लागतो. प्रत्येक सदोष मनुष्यवध हा खून ठरत नाही. ‘आरोपी’ म्हणजे ज्यावर आरोप आहे तो. न्यायालयाने दोषी ठरविल्यावाचून तो ‘सिद्धदोष’ होत नाही. या दोन संज्ञांची गल्लत झाल्यास निकालापूर्वीच माणसाची अब्रू जाते.

पाथर्डी तालुक्यातील (अहिल्यानगर जिल्हा, २०२४ पूर्वीचा अहमदनगर) मढी येथे कानिफनाथांची समाधी आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालणाऱ्या तेथील यात्रेत अनेक भटक्या जमातींच्या जातपंचायती भरत असत. त्यांत ‘पंच’ हा निवाडा करणारा, तर पोलीस तपासात ‘पंच’ हा केवळ पाहिलेल्या गोष्टीचा साक्षीदार. जातपंचायतीचा ‘दंड’ न भरणारास वाळीत टाकले जाई. न्यायालयीन ‘दंड’ मात्र कायद्याच्या मर्यादेत असतो व त्यावर अपील करता येते. महाराष्ट्राच्या २०१६ च्या अधिनियमान्वये सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरला. तो २०१७ पासून अंमलात असून त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. परंपरेने ज्यास शिक्षा मानले, तेच कायद्याने गुन्ह्यात मोडू लागले.

अशा काही जमातींना परिभाषेचा दुसरा आघातही सोसावा लागला. १८७१ च्या कायद्यातील व पुढे १९११ मध्ये मुंबई इलाख्यास लागू झालेल्या तरतुदींतील ‘क्रिमिनल ट्राइब’ या संज्ञेचे ‘गुन्हेगार जमात’ असे भाषांतर झाले. कोणताही आरोप सिद्ध न होता, केवळ जन्मामुळे, माणूस त्या नावाखाली नोंदला जाई. कायदा १९५२ मध्ये रद्द होऊन ‘विमुक्त’ ही संज्ञा आली. तथापि जुन्या शब्दाचा संशय लोकव्यवहारातून सहजी पुसला गेला नाही.

राज्य शासनाच्या १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका पातळीवरील न्यायालयांची भाषा मराठी ठरली. उच्च व सर्वोच्च न्यायालयांत सामान्यतः इंग्रजीच चालते. त्यामुळे पाथर्डीसारख्या तालुक्यातील खटला अपिलात गेल्यावर साक्षीपुराव्याचे इंग्रजी भाषांतर करावे लागते व एका शब्दाच्या चुकीनेही अर्थ पालटू शकतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अंमलात आल्याने कलमांचे क्रमांक बदलले. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ ऐवजी १०३ झाले. मूळ संज्ञा मात्र बहुतांशी कायम आहेत. फिर्याद लिहून घेतल्यावर ती फिर्यादीस वाचून दाखवावी व तिची प्रत विनामूल्य द्यावी, हा नियमही कायम आहे. वाचून दाखविलेले शब्द फिर्यादीस समजले, तरच त्या नियमाचा हेतू साध्य होतो.