पिशवीतली माती

भाताचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. पाणवनस्पतींच्या टाकीत तळाला घालायची जपानी माती नऊ लिटरच्या पिशवीत येते, आणि अशी एक पिशवी क्विंटलभर भाताहून महाग पडते. हे गणित मी एरवी मांडलं नसतं. पण गेल्या उन्हाळ्यात कर्जत-खालापूरच्या मधल्या पट्ट्यात एका प्लॉटवर भराव चालला होता. चांगलं दुपिकी खाचर, त्यात मुरुमाचे डंपर रिकामे होत होते. शेजारच्या तयार बंगल्याच्या ओटीवर चार फुटी टाकी बसवायला आलेला पोरगा एकामागून एक पिशव्या फोडत होता. "काका, ही खास झाडांसाठीची माती असते," त्याने मला समजावून सांगितलं. मुरुमाखाली गाडली जात होती ती कशासाठीची होती, हे त्याला कोणी सांगितलेलं नसणार.

ही पिशवी ज्यांच्यामुळे जगभर गेली ते ताकाशी अमानो वारले त्याला ऑगस्ट २०२५ मध्ये दहा वर्षं झाली. निगाताचा हा माणूस आधी सायकल शर्यतींतला व्यावसायिक खेळाडू, मग छायाचित्रकार. १९८२ मध्ये त्यांनी कंपनी काढली. जपानची काळी माती भाजून केलेले दाणे या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी बाजारात आणले. माझं भांडण त्यांच्याशी नाही. भांडण आहे ते आपल्याकडच्या विसराळूपणाशी, कारण इथे, या दोन तालुक्यांत, एक दशक असं होतं की टाकीचा तळ लोक स्वतःच्या हातांनी ठरवत होते.

त्याआधीची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. निळी-गुलाबी खडी, प्लॅस्टिकची झाडं, झाकण उघडून बुडबुडे सोडणारी खजिन्याची पेटी. तारापोरवाला मत्स्यालय १९५१ पासून होतं; शाळेची सहल तिथे जायची आणि परत आल्यावर वर्गातली दोन पोरं काचेच्या बरणीत गप्पी पाळायची. हौस वाढली की क्रॉफर्ड मार्केट, आणि तिथून कर्जत लोकलच्या गर्दीत पाण्याची पिशवी छातीशी धरून घर. दुकानदारांचं एकच पालुपद असे: "माती अजिबात घालू नका, पाणी सडेल." याच मंडळींनी पुढे मातीच्या पिशव्या कपाटात मांडल्या आणि गिऱ्हाइकाला विचारू लागले, "मातीशिवाय झाडं कशी येतील हो?" मधल्या काळात त्यांना काय साक्षात्कार झाला, ते नफ्याच्या टक्क्यांवरून ओळखावं.

आमचं दशक साधारण २००३ ते २०१३. डायना वॉल्स्टाड या अमेरिकन बाईंचं १९९९ चं पुस्तक झेरॉक्स होऊन आमच्यापर्यंत पोचलं होतं. त्यात सांगितलेलं काम सोपं होतं: तळाला इंचभर साधी माती, तिच्यावर इंचभर बारीक खडी, बाकीचं झाडं बघून घेतील. साधी माती म्हणजे कुठली? नेरळहून माथेरान चढायला लागा, वर जांभ्याची तांबडी माती. खाली खाचरात चिकण. नदीकाठी पोयटा. वरकस उतारावर मुरूम. अर्ध्या तासाच्या अंतरात चार जाती, आणि आम्ही कुठली घ्यायची यावर रविवारची अख्खी सकाळ भांडत असू. आमच्यात एक रेल्वेतले, एक शाळामास्तर, एक कृषी सहाय्यक आणि खोपोलीच्या कारखान्यातले दोघे.

तांबड्या मातीच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे मोठा पुरावा होता. १९८० च्या दशकात जर्मनीतली एक कंपनी उष्ण कटिबंधातल्या जांभ्याची भुकटी डब्यात भरून विकत होती, टाकीतल्या झाडांना लोह मिळावं म्हणून. जर्मन माणूस ज्या लाल धुळीला पैसे मोजत होता, ती माथेरानहून उतरल्यावर आमच्या चपलांना चिकटलेली असायची. पण नुसत्या जांभ्यावर झाडं उपाशी राहतात. त्यात लोह भरपूर, बाकी फारसं काही नाही.

कृषी सहाय्यक मात्र खाचराच्या मातीवरच अडून होते. कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे, कर्जत-३, कर्जत-७ या जाती तिथल्याच, आणि त्यांची त्या केंद्रात ये-जा असे. एकदा त्यांनी खाचरातून भाताचा चूड उपटला, मुळं धुतली आणि आम्हाला दाखवली. मुळांवर तांबूस पूट होतं. "बघा मास्तर, हा गंज आहे," ते म्हणाले. पाण्याखालच्या मातीत प्राणवायू नसतो, तिथे लोह विरघळतं. भाताची मुळं आपल्या अंगातून थोडा प्राणवायू बाहेर सोडतात आणि त्या लोहाचा तिथल्या तिथे गंज होतो. टाकीतली बरीचशी झाडंही हेच करतात. म्हणजे शेकडो वर्षं तुडवून, चिखलणी करून, पाण्याखाली ठेवून तयार केलेली माती दारात होती. दोनच पथ्यं त्यांनी सांगितली. राब भाजलेल्या तुकड्यातली माती घ्यायची नाही, राखेने पाणी अल्कधर्मी होतं. आणि ज्या वर्षी खाचरात युरिया-डीएपीच्या गोळ्या खोचल्या असतील त्या वर्षी तिथे जायचंच नाही. अमोनियाने मासे एका रात्रीत उलटे होतात.

आणलेली माती बाटलीत पाण्यासोबत हलवून ठेवली की दुसऱ्या दिवशी थर दिसत: खाली वाळू, वर गाळ, सगळ्यात वर चिकण. चिकणाचा थर फार जाड असला तर त्यात पोयटा मिसळायचा. मग भिजवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा भिजवायची, कुजका वास पूर्ण जाईपर्यंत. या खटाटोपात बायकांच्या शिव्या सगळ्यांनी खाल्ल्या, कारण माळ्यावरच्या पराती कायमच्या गेल्या.

रेतीची गोष्ट वेगळी. उल्हासची रेती एप्रिल-मेमध्ये हाती लागायची, पात्र आटल्यावर. पेज नदीची बारमाही धुतलेली, कारण १९२२ पासून भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी तिच्यात येतं. त्याच पाण्यावर राजनाला कालव्याचं उन्हाळी भात होतं. पाताळगंगेलाही खोपोलीच्या १९१५ च्या वीजघराचं पाणी मिळतं, पण खाली कारखाने असल्याने ती रेती आम्ही वर्ज्य मानली. पेजेवर मासे धरणारे एक कातकरी मामा होते. "त्या वळणाची नको नेऊस, तिकडं कापडं धुतात," हा सल्ला कुठल्याही पुस्तकात नव्हता.

घरी दोन चाळण्या. गव्हाच्या चाळणीतून खाली पडेल आणि रव्याच्या चाळणीवर राहील ती रेती आपली. त्याहून जाड घेतली तर मासळीचं अन्न फटींत साचतं. त्याहून बारीक घेतली तर थर घट्ट बसून खाली सडक्या अंड्याचा वास धरतो. त्यावर ओढ्यातल्याच टोकदार शंखाच्या गोगलगायी सोडायच्या. त्या दिवसभर रेतीत घुसून ती भुसभुशीत ठेवतात.

काळ्या रेतीत पांढरे दाणे निघत. आपला कातळ बेसाल्टचा, त्याच्या पोकळ्यांत खनिजं भरलेली. १८६३ मध्ये पूर्ण झालेल्या बोर घाटाच्या रेल्वेसाठी सुरुंग लावले तेव्हा इथले झिओलाइटचे झुबके परदेशी संग्रहालयांत गेले. या पांढऱ्या दाण्यांत दोन मुख्य भाऊबंद: कॅल्साइट आणि झिओलाइट. कॅल्साइट पाणी जड करतं, झिओलाइट उलट अमोनिया धरून ठेवतं. ओळखायचं कसं? संडास धुवायच्या अ‍ॅसिडचा एक थेंब. फसफसला तर कॅल्साइट, ती मूठ बाहेर. बाकीचे पांढरे दाणे राहू द्यायचे.

हे सगळं कसं गेलं हे सांगायला फार वेळ लागत नाही. रेतीच्या डंपरांनी पात्र ओरबाडलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहान खाणींनाही पर्यावरण परवानगी सक्तीची केली, ते योग्यच झालं. फक्त तोवर आमच्या ओळखीच्या वळणांवर गोटेच उरले होते. आता बांधकामाला क्रश सॅण्ड. ती टाकीत घालून बघा: दाण्यांना धार, तळ चाळणाऱ्या माशांच्या मिशा झिजतात, आणि भुकटी धुता धुता पाण्याची टाकी रिकामी होते. खाचरांचे झाले प्लॉट, प्लॉटांची झाली 'सेकंड होम'. ज्यांनी खाचरं राखली त्यांनी मजूर मिळत नाही म्हणून तणनाशक धरलं, तेव्हा त्यांची माती टाकीत घालण्याचा प्रश्नच मिटला. खाचरातली रोटाला ही पाणवनस्पती, जिला आम्ही बांधावर बसून हाताने उपटून आणायचो, ती आता प्रयोगशाळेत वाढवलेली, डबीत बंद होऊन कुरिअरने येते.

पिशवीतल्या मातीची निंदाच करायची तर खोटं बोलावं लागेल. ती काम करते. पाणी मऊ आणि किंचित आम्ल करते, झाडं झपाट्याने धरतात. पहिले काही आठवडे ती अमोनिया सोडते हे दुकानदार सांगत नाहीत, आणि मासे त्याच दिवशी विकतात. दोनेक वर्षांत दाण्यांचा चिखल होतो, मग नवी पिशवी. शिवाय बंगल्यांत पाणी बोअरचं. बेसाल्टमधलं ते जड पाणी मातीचा आम्लपणा काही महिन्यांत संपवून टाकतं, आणि मालक झाडं पिवळी पडली म्हणून खताच्या बाटल्या मागवत बसतो. पावसाचं पाणी साठवा म्हटलं तर हसतात, वर्षाला इतका पाऊस पडणाऱ्या तालुक्यात.

हल्ली मला कोणी तळाला काय घालू विचारलं तर मी तरणतलावाच्या फिल्टरची सिलिका रेती सांगतो. दाणा बारीक, गोलसर, अ‍ॅसिडला दाद न देणारा, धुवायला हलका, आणि पिशवीच्या मानाने फुकट. पोषण शून्य, म्हणून मुळांपाशी खताची गोळी खोचावी लागते. रिसॉर्ट आणि फार्महाऊसवाल्यांसाठी ती गोण्यांनी येते, कर्जतच्या हार्डवेअरवाल्याकडे मागितली की दोन दिवसांत मिळते. वापरलेली मात्र घेऊ नका, तीत अंगाचं तेल मुरलेलं असतं.