सांगून हसणं आणि आपोआप हसणं: लकवा ओळखताना फसू नका

फोटो काढताना कुणी "हसा" म्हटलं की आपण हसतो. नातवाचे बोबडे बोल ऐकून दादीही हसते. चेहरा तोच, मग दोन्ही हसण्यांत फरक का दिसतो? कारण चेहऱ्याला मेंदूचा हुकूम दोन वाटांनी येतो.

पहिली वाट इच्छेची. मेंदूच्या वरच्या थरातल्या हालचालींच्या केंद्रातून ती निघते. उजव्या मेंदूचा हुकूम चेहऱ्याच्या डाव्या बाजूला जातो, डाव्याचा उजवीकडे. दुसरी वाट भावनेची. ती मेंदूच्या आतल्या भागांतून येते, तिथे आपली मर्जी फारशी चालत नाही. दोन्ही वाटा मेंदूच्या देठात एकत्र येतात आणि पुढे एकाच नसेतून स्नायूंपर्यंत पोहोचतात.

फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी विजेचे हलके झटके देऊन हे स्नायू तपासले. १८६२ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की ओठ मनात आलं की हसवता येतात, पण डोळ्याभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदानेच आक्रसतो. काहींना तो मुद्दामही आक्रसता येतो, हे आता माहीत झालं आहे.

हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं, कारण लकव्यात कधी कधी एकच वाट तुटते. "दात दाखवा" म्हटलं की तोंड वाकडं होतं, पण विनोदावर हसताना चेहरा सरळ दिसतो. मग घरचे म्हणतात, "आत्ता तर नीट हसले, काही नाही झालं." इथेच वेळ जातो. पार्किन्सनमध्ये बरेचदा उलटं घडतं. सांगितल्यावर माणूस हसतो, पण एरवी चेहरा कोरा राहतो. आपल्याला वाटतं, अब्बा रागावलेत.

नसच सुजली तर दोन्ही हसू जातात, त्या बाजूचा डोळाही नीट मिटत नाही. पण हा फरक डॉक्टरांनीच ठरवायचा, आपण घरी नाही.

म्हणून शंका आली की माणूस आपोआप हसतो का, ते बघत बसू नका. दात दाखवायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा. एकही गोष्ट बिघडलेली दिसली तर घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. चेहरा पुन्हा सरळ झाला तरी दवाखान्यात जायचंच.